माटोळी : रानातील पानाफळांची सजावट आणि तिच्यामागील विज्ञान

सणाच्या दिवशी दाराला आंब्याच्या पानांचे तोरण बांधले जात नाही, असे मराठी घर विरळा. दसऱ्याला आपट्याची पाने, गणेशचतुर्थीला पत्री, ज्येष्ठा गौरीच्या वेळी तेरड्याची रोपे, अशा कितीतरी वनस्पतींना आपल्या घरात वर्षातून एकदा मानाचे स्थान मिळते. यांतील बहुतेक वस्तू बागेत मुद्दाम लावलेल्या नसतात. शेताच्या बांधावरून, ओढ्याच्या काठावरून किंवा डोंगराच्या उतारावरून त्या गोळा करून आणल्या जातात. रानातून वेचून आणलेल्या वनस्पतींनी सजावट करण्याची ही कला गोव्यातील माटोळीत जितकी विस्तृत झालेली दिसते, तितकी ती अन्यत्र क्वचितच आढळते.

माटोळीसंबंधी एक प्रश्न सहज सुचतो. फुलदाणीतील फुलांना पाणी मिळते. माटोळी मात्र छताखाली अधांतरी टांगलेली असते आणि तिला पाण्याचा थेंबही मिळत नाही. असे असूनही ती अनेक दिवस शोभिवंत कशी राहते? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागल्यास असे आढळून येते की, ही सजावट म्हणजे वनस्पतींच्या गुणधर्मांचे पिढ्यानुपिढ्या जतन झालेले ज्ञानच आहे. प्रस्तुत पाठात त्या ज्ञानाचा आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या जबाबदारीचा विचार करावयाचा आहे.

माटोळी म्हणजे काय?

गणेशाची मूर्ती जेथे बसवितात, तेथे तिच्या वर लाकडी पट्ट्यांची चौकट आडवी टांगतात. या चौकटीला चतुर्थीच्या सुमारास मिळणारी फळे, शेंगा, फुले, पाने व वेली बांधतात. ही बांधलेली चौकट म्हणजे माटोळी. शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात याच प्रकाराला माटवी असे म्हणतात. नारळ, सुपारीचा घोस, केळीचा घड, काकडी, चिबूड, तोरिंजन ही परसातील फळे तिच्यात असतातच. परंतु तिची खरी ओळख रानातील वस्तूंमुळे होते. मालकांगोणीचे घोस, कवंडळाची तांबडी फळे, कुड्याच्या जोडीने लोंबणाऱ्या बारीक शेंगा, ऐनाची पंखधारी फळे, घागरीच्या खुळखुळणाऱ्या शेंगा, कळलावीची ज्वालेसारखी फुले आणि शेरवडाची पांढरी पाने यांवाचून माटोळी अपुरी वाटते. बांधण्यासाठीही परंपरेने केवणीच्या, म्हणजे मुरुडशेंगेच्या झाडाच्या, सालीचे चिवट धागे वापरले जातात.

चतुर्थीच्या आधी फोंडा, म्हापसा, डिचोली, पणजी इत्यादी ठिकाणी माटोळीच्या सामानाचा खास बाजार भरतो. सत्तरीसारख्या डोंगराळ तालुक्यांतील स्त्री-पुरुष रानातून गोळा केलेल्या वस्तू तेथे विकावयास आणतात. गोवा शासनाच्या कला व संस्कृती संचालनालयातर्फे माटोळी सजावटीच्या स्पर्धाही घेतल्या जातात. काही कुटुंबे शेकडो प्रकारच्या वनस्पती जमवून बिया, फळे व पाने यांच्या रंगांतून संपूर्ण चित्रे साकारतात.

तोडलेली डहाळी का सुकते?

जिवंत झाडात मुळांनी शोषलेले पाणी लाकडातील सूक्ष्म नलिकांतून पानांपर्यंत चढते. पानांवर अतिसूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. या रंध्रांतून पाण्याची वाफ सतत बाहेर पडत असते. या क्रियेस बाष्पोत्सर्जन असे नाव आहे. पाण्याने भरलेली प्रत्येक पेशी हवा भरलेल्या चेंडूसारखी ताठ असते आणि अशा असंख्य पेशींच्या ताठरपणामुळे पान पसरलेले व पाकळी टवटवीत दिसते.

डहाळी तोडताच पाण्याचा पुरवठा थांबतो, परंतु बाष्पोत्सर्जन थांबत नाही. जमा बंद झाली आणि खर्च चालूच राहिला, तर शिल्लक किती काळ पुरणार? पेशींतील पाणी घटले की त्यांचा ताठरपणा जातो आणि पान मान टाकते. यालाच आपण कोमेजणे म्हणतो.

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. क्षणभंगुर वैभवासाठी आपण ती वापरतो. पण मुळात ते वनस्पतिशास्त्रातील एक अचूक निरीक्षण आहे. तेरड्याचे खोड रसाळ व जवळजवळ पारदर्शक असते. त्यात लाकडाचा अंश फारच थोडा असल्यामुळे ते केवळ पाण्याच्या जोरावर उभे राहते. पाणी गेले की त्याला आधार देणारे दुसरे काहीच उरत नाही.

टिकाऊ भागांची निवड

माटोळीतील वस्तूंची यादी पुन्हा पाहिल्यास एक गोष्ट वाचकांच्या लक्षात येईल. तिच्यात नाजूक पाकळ्यांची फुले थोडी असून फळे, शेंगा व बिया पुष्कळ असतात. पाकळीचे नैसर्गिक कार्य परागवाहक कीटकांना आकर्षित करणे एवढेच आहे. ते एकदोन दिवसांत पार पडते आणि पाकळी गळते. फळाचे कार्य मात्र दीर्घ मुदतीचे असते. बी पक्व होईपर्यंत त्याला तिचे रक्षण करावे लागते. म्हणून फळाच्या सालीवर मेणासारखा थर असतो. तो पाण्याला सहजासहजी बाहेर पडू देत नाही. काकडी, सुपारी किंवा कवंडळ अनेक दिवस तजेलदार राहते ते यामुळेच.

शेंगांच्या बाबतीत कारण वेगळे आहे. त्यांच्या भित्तींत लिग्निन नावाचा कठीण पदार्थ साठतो. लाकडाला लाकूडपण देणारा हाच पदार्थ होय. लिग्निनयुक्त पेशींना आकार टिकविण्यासाठी पाण्याची गरज नसते. त्यामुळे घागरीची पक्व शेंग वाळली तरी तिचा घाट बिघडत नाही. उलट आतील बिया सुटून ती वाजू लागते.

शेरवडाचे उदाहरण याहून मनोरंजक आहे. ज्याला आपण त्याचे पांढरे पान म्हणतो, ते पान नसून फुलाच्या बाहेरील आवरणाचे एक दल असते. इतर दले लहान राहतात आणि हे एकच वाढून पानाएवढे होते. शेरवडाचे खरे फूल लहान व नारिंगी असते. कीटकांना दुरून दिसावे म्हणून हे पांढरे निशाण. पाकळीपेक्षा ते अधिक काळ टिकते.

शेतात तण म्हणून उगवणारा कुरडूही याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्याच्या तुऱ्यातील दले मुळातच कागदासारखी कोरडी असल्यामुळे सुकल्यावरही तुरा जवळजवळ तसाच दिसतो. ज्याला शेतकरी उपटून फेकतो, ते सजावट करणाऱ्याच्या दृष्टीने उत्तम साहित्य ठरते.

रंग का पालटतात?

वनस्पतींचे रंग मुख्यतः काही रंगद्रव्यांमुळे येतात. पानांतील हरितद्रव्य तीव्र प्रकाशात लवकर विघटित होते. म्हणून उन्हात ठेवलेली तोडलेली पाने फिकी पडतात. झेंडूचा पिवळा-नारिंगी रंग कॅरोटिनॉइड गटातील द्रव्यांचा असून तो सुकल्यावरही बराच टिकतो. तांबडे, जांभळे व निळे रंग बहुधा अँथोसायनिन द्रव्यांचे असतात. पेशीरसाची आम्लता बदलली की त्यांची छटा बदलते; त्यामुळे तांबडे गुलाब सुकताना काळपट किंवा निळसर होतात. पांढऱ्या पाकळीत तर रंगद्रव्य जवळजवळ नसतेच. पेशींमधील हवेच्या पोकळ्यांवरून प्रकाश विखुरतो आणि पाकळी पांढरी दिसते. तिला इजा झाली की त्या पोकळ्यांत रस शिरतो आणि तेथे तपकिरी डाग पडतो.

आणखी एक अदृश्य घटक लक्षात ठेवला पाहिजे. पिकणारी फळे एथिलीन नावाचा वायू सोडतात. या वायूमुळे शेजारची फळे लवकर पिकतात आणि अनेक फुले अकाली कोमेजतात. कार्नेशनसारखी फुले या बाबतीत फार हळवी असतात; शेवंती व झेंडू यांच्यावर त्याचा परिणाम फारसा होत नाही. म्हणून सजावटीत केळीचा घड टांगावयाचा असल्यास तो हिरवा असणेच हिताचे.

हवेचा वाटा : गोवा आणि जयपूर

वस्तूंच्या निवडीइतकाच महत्त्वाचा वाटा हवेचा असतो. हे समजण्यासाठी भिन्न हवामानाच्या दोन ठिकाणांची तुलना करू. एक भाद्रपदातील गोवा आणि दुसरे राजस्थानातील जयपूर शहराच्या पश्चिम भागातील वैशाली नगर, तेही मे महिन्यातील दुपारी.

२८ अंश सेल्सिअस तपमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे २७ ग्रॅम बाष्प सामावू शकते. भाद्रपदात गोव्यातील हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असली, तर त्या हवेत २३ ग्रॅम बाष्प आधीच असते. म्हणजे तिची तहान अवघी ४ ग्रॅमची. उलट ४० अंशांवर एक घनमीटर हवा सुमारे ५१ ग्रॅम बाष्प सामावू शकते. जयपूरमध्ये उन्हाळ्यातील दुपारी आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत उतरली, तर हवेत जेमतेम १० ग्रॅम बाष्प असते आणि तहान ४१ ग्रॅमची, म्हणजे सुमारे दहापट असते. गोव्यात कित्येक दिवस ताजी राहणारी डहाळी तेथे काही तासांतच मान टाकील, हे उघड आहे.

परंतु जी हवा ताज्या पानांना मारक, तीच वाळविण्याच्या कामी उपकारक ठरते. गोव्याच्या दमट हवेत फुले सुकवू गेल्यास ती सुकण्यापूर्वीच बुरशीने काळी पडतात. जयपूरच्या कोरड्या हवेत ती सावलीत टांगली तरी वाळतात. म्हणून वैशाली नगरमधील विद्यार्थ्याने माटोळीची नक्कल करण्याऐवजी आपल्या भूमीला साजेसे साहित्य शोधावे. शिरिषाच्या कागदासारख्या पिवळट शेंगा, बहाव्याच्या लांब काळ्या शेंगा, सरकंड्याचे रुपेरी तुरे, खेजडीच्या, म्हणजे आपल्या शमीच्या, वाळलेल्या शेंगा आणि विलायती बाभळीच्या काटेरी फांद्या यांतून तेथे सुंदर कोरडी सजावट साधता येते. दमट प्रदेशाची कला ताजेपणावर उभी असते, कोरड्या प्रदेशाची आकारावर.

फुले शास्त्रीय पद्धतीने सुकविण्याच्या तंत्रावर आपल्या देशात महत्त्वाचे कार्य झाले आहे. लखनौ येथील राष्ट्रीय वनस्पति उद्यान १९५३ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे आले आणि १९७८ साली त्याचे नाव राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था असे झाले. या संस्थेने फुले व पाने निर्जल करण्याची तंत्रे विकसित करून त्यांचे प्रशिक्षणही दिले आहे. त्यांतील मूळ कल्पना सोपी आहे. फूल उघड्यावर वाळले तर पाणी निघून जाताना पाकळ्या आक्रसतात. पण ते बारीक कोरड्या वाळूत किंवा सिलिका जेलच्या कणांत पुरले, तर कणांचा आधार पाकळ्यांना मूळ आकारात धरून ठेवतो.

रचनेची तत्त्वे

साहित्य उत्तम असले तरी ते नुसते एकत्र बांधल्याने सजावट होत नाही. जपानमधील इकेबाना या पुष्परचनेची परंपरा क्योतो येथील रोक्काकुदो मंदिराशी निगडित आहे. तिच्यात मोजक्या फांद्या, फुले व बीजकोश यांतून रेषा निर्माण केल्या जातात आणि मधली मोकळी जागाही रचनेचाच भाग मानली जाते. माटोळीचा मार्ग याच्या उलट आहे. तिच्यात विपुलतेला महत्त्व असते आणि रचना खालून वर पाहावयाची असते.

तिच्याकडे पाहून तीन नियम सांगता येतील. पहिला नियम तोलाचा. नारळ, केळीचा घड यांसारख्या जड वस्तू चौकटीच्या मध्यापासून सारख्या अंतरावर समोरासमोर बांधाव्या. अन्यथा चौकट एका बाजूस झुकते. दुसरा नियम लांबीचा. कुड्याच्या शेंगांसारख्या लोंबणाऱ्या वस्तू कडेला आणि आखूड वस्तू मध्ये घेतल्यास मूर्ती झाकली जात नाही. तिसरा नियम रंगाचा. हिरव्याच्या विस्तारात तांबडा व पिवळा रंग थोड्या जागी, पण पुन्हा पुन्हा यावा, म्हणजे दृष्टी एका ठिकाणी न अडखळता सर्वत्र फिरते.

विद्यार्थ्यांसाठी दोन प्रयोग

पहिला प्रयोग : एकाच झाडाच्या सारख्या आकाराच्या तीन डहाळ्या घ्या. पहिली उघडी ठेवा, दुसरी पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि तिसरीची सर्व पाने काढून टाका. तिन्हींचे वजन करून ते लिहून ठेवा आणि दर तीन तासांनी पुन्हा वजन करा. दुसऱ्या डहाळीच्या बाबतीत पिशवीसह वजन न करता डहाळी बाहेर काढून पुसून मगच वजन करावे. प्रत्येकीने मूळ वजनाच्या शेकडा किती भाग गमावला, याचे कोष्टक करा. पाणी मुख्यतः पानांतून जाते की खोडातून, याचे उत्तर त्या कोष्टकातच मिळेल.

दुसरा प्रयोग : कुरडू व झेंडू यांची ताजी फुले सकाळी दव वाळल्यावर तोडा. चाळून, धुऊन, कडक उन्हात वाळविलेली बारीक वाळू डब्यात घ्या. तीत फुले उभी ठेवून भोवतीने हळूहळू वाळू ओता. डबा झाकण न लावता कोरड्या खोलीत दोन आठवडे ठेवा. नंतर वाळू अलगद काढून कोणाचा आकार टिकला व कोणाचा रंग टिकला, याची नोंद करा. फुलांचा दुसरा संच तसाच उघड्यावर वाळवून तुलना करावी.

सावधगिरी

रानातील प्रत्येक सुंदर वस्तू निरुपद्रवी नसते. कळलावीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात, कोल्चिसिन हे विष असते. गुंजेच्या तांबड्या-काळ्या बिया माळेत शोभून दिसतात. परंतु त्यांत ॲब्रिन हे अतिजहाल विष असून चावलेली बी प्राणघातक ठरू शकते. कण्हेर व धोत्रा हेही विषारी आहेत. रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. म्हणून अशा वस्तू लहान मुलांच्या हाती देऊ नयेत, खाण्याच्या फळांबरोबर ठेवू नयेत आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. जिचे नाव माहीत नाही अशी वनस्पती जाणत्या व्यक्तीला दाखविल्याशिवाय घरी आणू नये.

किती तोडावे?

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. एका घराची माटोळी रानाला जड नसते. परंतु हजारो घरांची गरज एकाच आठवड्यात बाजारातून भागवावयाची झाली आणि जितके प्रकार अधिक तितकी शोभा अधिक, असा समज रूढ झाला, तर दुर्मीळ वनस्पतींवर संकट ओढवते. म्हणून तोडणाऱ्याने प्रत्येक वनस्पतीचे जीवनचक्र जाणून घेतले पाहिजे.

ऐनाच्या मोठ्या वृक्षाची काही फळे काढल्याने त्याचे नुकसान होत नाही. मालकांगोणीचा घोस कात्रीने कापला तर वेल पुढील वर्षी पुन्हा फळते. तोच घोस हाती यावा म्हणून वेल बुंध्याशी तोडली, तर अनेक वर्षांची वाढ क्षणात नष्ट होते. कळलावी जमिनीतील कंदावर जगते. फूल तोडल्यास तिचे त्या वर्षाचे बी जाते. कंद खणल्यास ती समूळ जाते. तेरडा एक वर्ष जगणारा आहे. बी पडण्यापूर्वी सर्व रोपे उपटली, तर पुढील पावसाळ्यात त्या जागी काय उगवणार? याउलट कुरडू, घाणेरी, विलायती बाभूळ ही उदंड माजणारी झाडे हवी तितकी घ्यावीत. केवळ त्यांच्या बिया सजावटीनंतर इतरत्र पसरणार नाहीत, एवढी काळजी घ्यावी.

दहा घोस दिसल्यास एक घ्यावा आणि एकच दिसल्यास तो पाहून परत फिरावे, हा नियम पाळण्यास सोपा आहे. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांतून परवानगीवाचून वनस्पती आणणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये निषिद्ध आहे, हेही ध्यानात ठेवावे. शक्य असेल तेथे माटोळीतील बियांपासून शाळेच्या आवारात वा परसात रोपे तयार करावीत. विसर्जनानंतर उरलेला पाला पाण्यात न टाकता त्याचे खत करावे.

माटोळी बांधताना घरातील वडीलधारी माणसे एकेक वस्तू वर देत तिचे नाव सांगतात आणि लहान मुले ते नाव शिकतात. या प्रसंगाचे मोल सजावटीहून अधिक आहे. ज्या वनस्पतीचे नाव विसरले जाते, ती रानातून नाहीशी झाली तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून या वर्षी चौकट बांधावयाची असो अथवा वैशाली नगरातील एखाद्या वर्गाच्या खिडकीत शिरिषाच्या चार शेंगा ठेवावयाच्या असोत, सोबत एक वही ठेवावी. तीत प्रत्येक वस्तूचे नाव, ती सापडली ती जागा, दिनांक आणि तेथे तशी आणखी किती झाडे होती, एवढे लिहावे. दहा वर्षांनी तीच वही पुन्हा उघडली, तर आपल्या परिसरातील रानाची स्थिती सांगणारे ते एक विश्वसनीय साधन ठरेल.